जिरा: कामाची नोंद चोख, खोळंब्याची नाही

हिंजवडीत किंवा खराडीत कुणी "तिकीट टाकलंस का?" असं विचारलं, तर ते कुठे टाकायचं हे कुणी उलट विचारत नाही. उत्तर ठरलेलं: जिरात. जिरा म्हणजे टीमच्या कामांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि तिकीट म्हणजे त्यातली एका कामाची नोंद. सिडनीच्या अटलासियन कंपनीने २००२ साली ते बाजारात आणलं ते निव्वळ बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, नोंदवायला. त्या वेळी या कामाला बगझिला नावाचं फुकट सॉफ्टवेअर वापरात होतं. त्यावरून गॉडझिला, गॉडझिलाचं जपानी नाव गोजिरा, आणि गोजिराचं शेपूट म्हणजे जिरा. मराठी कानाला 'जिरवणे' आठवतं हा योगायोग, पण अगदीच गैरलागू म्हणवत नाही.

या परीक्षणात क्लाउड आवृत्तीच धरली आहे. स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या सर्व्हर आवृत्तीचा सपोर्ट १५ फेब्रुवारी २०२४ रोजी संपला. अशा एका नोंदीला कंपनी आधी 'इश्यू' म्हणायची, हल्ली 'वर्क आयटम' म्हणते. खाली सरळ 'कार्ड' म्हटलं आहे, कारण बोर्डावर, म्हणजे कामं टप्प्यांच्या कॉलममध्ये मांडलेल्या पडद्यावर, दिसतं ते कार्डच.

फीचर्सची यादी कंपनीच्या पानावर आहे, ती इथे उगाळत नाही. इथे कसोटी वेगळी लावली आहे. सॉफ्टवेअरचं काम का लांबतं, यावर १९६० च्या दशकापासून गणिती, मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ आणि इंजिनिअर अशा सगळ्यांनी काम केलंय. त्यांच्या मते ज्या गोष्टींनी फरक पडतो, त्या जिराच्या पडद्यावर दिसतात का? निकाल आधीच सांगून टाकतो. कामाची नोंद ठेवायला उत्तम. काम कुठे अडलंय हे दाखवायला, डब्यातून काढलेल्या सेटिंगवर नापास. दोन-तीन तास खर्चून सेटिंग बदलली तर पास. पाचपैकी साडेतीन तारे, आणि त्यातला एक तारा सेटिंग बदलल्यानंतरचा.

सगळंच निळं

जिरात तुम्ही स्टेटस, म्हणजे कार्ड कोणत्या टप्प्यावर आहे त्याची नावं, हवे तेवढे बनवू शकता, पण प्रत्येक स्टेटसला तीनपैकी एका गटात बसवावं लागतं: करायचं, चालू आणि झालं. रंग अनुक्रमे राखाडी, निळा, हिरवा. चौथा गट करता येत नाही. सगळं घोडं इथेच पेंड खातं.

ओटीपी लॉगिनचं एक साधं कार्ड घ्या. डेव्हलपरने ते दोन दिवसांत लिहिलं. मग तीन दिवस कुणी रिव्ह्यू करेल, म्हणजे लिहिलेला कोड तपासेल, म्हणून पडून राहिलं. रिव्ह्यू तासाभरात उरकला. मग टेस्टिंगचं एन्व्हायर्नमेंट दुसऱ्या टीमकडे अडकलं होतं म्हणून चार दिवस गेले, आणि शेवटी क्यूएने, म्हणजे चाचणी करणाऱ्यांनी, एका दिवसात पास केलं. एकूण दहा दिवस, त्यातलं प्रत्यक्ष काम जेमतेम तीन दिवसांचं. जिराच्या लेखी हे कार्ड दहाही दिवस 'चालू' होतं, निळं. 'क्लायंटच्या उत्तराची वाट' हेसुद्धा निळंच. डॅशबोर्डवर निळे ठोकळे पाहून डिलिव्हरी मॅनेजरला वाटतं की जोरात काम चाललंय. प्रत्यक्षात सात दिवस त्या कार्डाला कुणाचा हात लागलेला नाही.

याचं गणित जुनं आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम सांगतो की स्थिर चाललेल्या व्यवस्थेत आत असलेल्या वस्तूंची सरासरी संख्या म्हणजे आत येण्याचा वेग गुणिले आत राहण्याचा सरासरी काळ. बोर्डावर ३० कार्डं चालू आहेत आणि आठवड्याला ६ संपतात, तर नवं कार्ड सरासरी ५ आठवडे लागून बाहेर पडणार. डेव्हलपर कितीही हुशार असोत. तेच १२ कार्डं चालू ठेवली आणि वेग तोच राहिला, तर २ आठवडे. याला ना एस्टिमेट, म्हणजे कामाचा अंदाज, लागतं ना तो टीमने मिळून पत्त्यांनी ठरवायचा प्लॅनिंग पोकर, बोर्डावरची कार्डं मोजता आली की झालं.

दुसरं गणित रांगेचं. एकच काउंटर आहे आणि कामं अवचित येतात, कधी लहान कधी मोठी, अशा सर्वात साध्या रांगेत वाट पाहण्याचा सरासरी वेळ काउंटरच्या व्यग्रतेवर असा चढतो: काउंटर ८० टक्के व्यग्र असेल तर एका कामाला लागणाऱ्या वेळेच्या चौपट वाट पाहावी लागते, ९० टक्के असेल तर नऊपट, ९५ टक्के असेल तर एकोणीसपट. काउंटरच्या जागी टीमचा एकुलता एक सीनिअर रिव्ह्यूअर ठेवा. त्याच्या कॅलेंडरमध्ये एकही मोकळी पट्टी नको, हा आग्रह कुठून येतो ते ठाऊक आहे, कारण बिलिंग त्यावर असतं. पण रिव्ह्यूची रांग तिथूनच वाढते.

जिराला हे गणित माहीत नाही असं नाही. बोर्डाच्या कॉलमला कमाल कार्डांची मर्यादा घालता येते. पण मर्यादा ओलांडली की कॉलम फक्त लाल होतो, कार्ड आत यायचं थांबत नाही. लाल रंगाची सवय व्हायला साधारण एक स्प्रिंट, म्हणजे ठरावीक आठवड्यांची कामाची एक फेरी, पुरतो.

दर्शनी भागात मांडलेले आकडे

रिपोर्ट्सच्या पानावर सगळ्यांचं बोट आधी जातं ते वेलॉसिटी (स्प्रिंटमध्ये किती काम झालं) आणि बर्नडाउन (किती उरलं) या चार्टवर. दोन्ही सुबक आहेत आणि दोन्हींवर विसंबून निर्णय घेऊ नयेत, निदान एकट्यावर तरी.

वेलॉसिटी चार्टमध्ये राखाडी खांब म्हणजे कबूल केलेले पॉइंट (कामाच्या आकाराचा अंदाजी आकडा), हिरवा म्हणजे पूर्ण झालेले. कबुलीचा आकडा 'स्टार्ट स्प्रिंट'चं बटण दाबलं त्या क्षणी गोठतो. नंतर आत आलेली कार्डं राखाडीत धरली जात नाहीत, पण पूर्ण झाली तर हिरव्यात मोजली जातात. एखादं कार्ड एस्टिमेट न टाकता आत गेलं आणि दुसऱ्या दिवशी त्यावर ८ लिहिले, तर राखाडीत त्याची किंमत शून्यच. त्यामुळे स्प्रिंट अर्धं रिकामं ठेवून सुरू करणारी आणि रोज दोन कार्डं आत ओढणारी टीम कायम कबुलीपेक्षा जास्त केल्यासारखी दिसते. हे कळायला वेळ लागत नाही. आणि एकदा हा चार्ट अप्रेझलच्या फाइलला जोडला गेला की काल ३ पॉइंटचं असलेलं काम आज ५ चं होतं. मोजमापालाच लक्ष्य केलं की ते मोजमाप म्हणून कामातून जातं, ही गुडहार्ट यांच्या नावाने ओळखली जाणारी गोष्ट अर्थशास्त्रातून इकडे आली आणि इथे तर घरच्यासारखी रुळली.

एस्टिमेटच्या बाबतीत मानसशास्त्राचं म्हणणं जास्त कामाचं आहे. कॅनडात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना विचारलं, प्रबंध किती दिवसांत पुरा होईल? सरासरी उत्तर ३३.९ दिवस. सगळं जितकं वाईट घडू शकतं तितकं घडलं तर? ४८.६ दिवस. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५.५. म्हणजे वाईटात वाईट कल्पनाही कमीच पडली. कारण असं की माणूस अंदाज बांधताना समोरच्या कामाच्या पायऱ्या डोळ्यांपुढे आणतो, मागच्या तशाच कामांना किती दिवस लागले होते ते आठवत नाही. आता जिराकडे पाहा. मागच्या शेकडो कार्डांचा इतिहास त्याच्या पोटात तारखेनिशी आहे. आणि एस्टिमेट टाकताना ते तुमच्यापुढे काय ठेवतं? एक रिकामी चौकट.

त्यात आणखी एक खोच. नॉर्वेच्या सिमुला संस्थेत माग्ने योर्गेनसेन यांनी सॉफ्टवेअरच्या अंदाजांवर वर्षानुवर्षं काम केलंय. आधी कानावर पडलेला आकडा, मग तो कितीही बिनबुडाचा असो, तज्ज्ञांचाही अंदाज आपल्याकडे ओढतो, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसतं. कार्डाच्या वर्णनात "क्लायंटला हे तीन दिवसांत हवंय" असं लिहिलेलं असेल तर ग्रूमिंगमध्ये, म्हणजे पुढच्या कामांवरच्या बैठकीत, चर्चा तीनच्या आसपासच घुटमळणार. उपाय साधा आहे. ड्यू डेट ही फील्ड कार्ड बनवण्याच्या स्क्रीनवरून काढा, एस्टिमेट झाल्यावरच भरा, आणि अपेक्षित दिवस वर्णनात लिहायला मनाई करा.

(जाता जाता: 'सॉफ्टवेअर प्रकल्प सरासरी १८९ टक्के जास्त खर्च खातात' हा १९९४ च्या एका प्रसिद्ध अहवालातला आकडा अजून प्रेझेंटेशनमध्ये भेटतो. याच योर्गेनसेन यांनी सहकाऱ्यासह २००६ साली त्याची झडती घेतली. त्या काळातल्या इतर पाहण्यांत ही वाढ सरासरी ३० टक्क्यांच्या आसपास निघते. टूल विकणाऱ्याच्या स्लाइडवर १८९ दिसले तर पुढची स्लाइड जपून पाहा.)

आडबाजूला ठेवलेला चांगला माल

याच रिपोर्ट्सच्या पानावर खाली क्युम्युलेटिव्ह फ्लो डायग्रॅम आहे. रंगीत पट्टे एकावर एक रचलेले असतात. पट्ट्याची उभी जाडी म्हणजे त्या कॉलममध्ये किती कार्डं आहेत, आणि आडवं अंतर म्हणजे कार्ड तिथून जायला साधारण किती वेळ लागतो. लिटल यांचा नियम डोळ्यांनी बघायची ही जागा. एखादा पट्टा उजवीकडे फुगत चालला असेल तर अडचण त्या कॉलमच्या लगेच पुढे आहे. 'रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत' हा पट्टा जाडावत असेल आणि तुम्ही आणखी दोन डेव्हलपर मागत असाल, तर तो आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा प्रकार आहे.

दुसरा कंट्रोल चार्ट. प्रत्येक ठिपका म्हणजे संपलेलं एक कार्ड, उंची म्हणजे लागलेला वेळ. लाल रेघ सरासरी, निळी रेघ सरकती सरासरी, निळसर छटा प्रमाण विचलनाची. सरकती सरासरी दिवसांवर नाही तर कार्डांवर काढलेली असते. दिसणाऱ्या कार्डांपैकी २० टक्के, पण किमान ५. त्यामुळे तारखांचा पट्टा बदलला की रेघेचा आकार बदलतो. दोन बैठकांत दोन वेगळ्या रेघा दाखवल्या गेल्या तर कुणी फसवलेलं नसतं, फक्त फिल्टर वेगळा असतो.

चार्टची खरी खोट सरासरीत आहे. सॉफ्टवेअरच्या कामाचा वेळ एका बाजूला लांब शेपटी असलेला असतो. २० कार्डं घ्या, १७ कार्डं प्रत्येकी ३ दिवसांत संपली आणि ३ कार्डं प्रत्येकी ४० दिवस रेंगाळली. सरासरी ८.५५ दिवस. एकाही कार्डाला आठ-नऊ दिवस लागलेले नाहीत! क्लायंटला "साधारण नऊ दिवस" सांगणं म्हणजे दोन्हीकडून चूक. सांगायचं ते असं: २० पैकी १७, म्हणजे ८५ टक्के कार्डं ३ दिवसांत होतात, उरलेली तीन कुठे अडतात ते बघतोय. कंट्रोल चार्ट हा ८५ टक्क्यांचा आकडा देत नाही, तो बाहेर काढावा लागतो. तोही हाताने मोजा, म्हणजे दिवस चढत्या क्रमाने लावून १७ व्या ओळीतला आकडा वाचा. स्प्रेडशीटचा पर्सेंटाइल फॉर्म्युला ओळींच्या मधला आकडा काढतो. वरच्या वीस कार्डांना तो ८.५५ हेच उत्तर देईल, म्हणजे फिरून पुन्हा त्याच सरासरीवर.

सेटिंग, क्रमाने

सुरुवातीलाच जिरा विचारतं, टीम-मॅनेज्ड हवं की कंपनी-मॅनेज्ड? म्हणजे प्रोजेक्टची सेटिंग टीमने स्वतः ठरवायची की कंपनीच्या ॲडमिनने? टीम-मॅनेज्ड पाच मिनिटांत उभं राहतं म्हणून मोह होतो. पण त्यात कंट्रोल चार्ट नाही. शिवाय पॉइंटची फील्ड दोन्हीकडे वेगळी आहे: एकीकडे 'स्टोरी पॉइंट्स', दुसरीकडे 'स्टोरी पॉइंट एस्टिमेट'. वर्षभराने कार्डं एकीकडून दुसरीकडे हलवली की पॉइंटचा रकाना कोरा दिसतो आणि डेटा उडाला म्हणून आरडाओरड होते. तो उडालेला नसतो, दुसऱ्या फील्डमध्ये पडलेला असतो. वेळ मोजायचा असेल तर कंपनी-मॅनेज्डच घ्या. फक्त तिथे वर्कफ्लो, म्हणजे स्टेटसची साखळी, अनेक प्रोजेक्टमध्ये सामाईक असू शकतो. बदलण्याआधी त्याची प्रत काढा आणि ती आपल्या प्रोजेक्टला जोडा, नाहीतर शेजारच्या टीमच्या बोर्डावरची कार्डं गायब होतील आणि दुपारी फोन येईल.

आठ माणसांच्या टीमला आठ स्टेटस पुरतात: करायचं, डेव्हलपमेंट, रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत, रिव्ह्यू, क्यूएच्या प्रतीक्षेत, क्यूए, बाहेरच्या उत्तराची वाट, झालं. महत्त्वाचं हे की प्रतीक्षेच्या प्रत्येक स्टेटसला स्वतंत्र कॉलम द्या. फ्लो डायग्रॅम आणि कंट्रोल चार्ट दोन्ही कॉलमवर चालतात, स्टेटसवर नाही. 'रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत' आणि 'रिव्ह्यू' एकाच कॉलममध्ये कोंबले की सगळी मेहनत वाया. कॉलम वेगळे असतील तर कंट्रोल चार्टमध्ये फक्त प्रतीक्षेचे तीन कॉलम निवडून निव्वळ खोळंब्याचा चार्ट काढता येतो, आणि तो चार्ट एकदा बैठकीत लावला की वेलॉसिटीबद्दल कुणी बोलत नाही.

बरेच जण प्रतीक्षेसाठी स्टेटसऐवजी फ्लॅग, म्हणजे कार्डावरची खूण, वापरतात. कार्ड पिवळं होतं, छान दिसतं. पण कार्ड किती दिवस फ्लॅगखाली होतं याचा तयार रिपोर्ट नाही आणि कंट्रोल चार्ट तो वेळ वजाही करत नाही. फ्लॅग रोजच्या स्टँडअप बैठकीपुरता ठीक.

कॉलमच्या मर्यादेत मोजणीचा प्रकार विचारला जातो. तिथे 'सब-टास्क वगळून' निवडा, नाहीतर एका कार्डाचे सहा तुकडे केले की कॉलम लाल. मर्यादेचा आकडा किती ठेवायचा? दोन रिव्ह्यूअर असतील तर रिव्ह्यूच्या प्रतीक्षेत ३ पासून सुरुवात करा. कॉलम लाल असेल तर नवं कार्ड उचलायचं नाही, आधी रिव्ह्यू करायचा. हा नियम भिंतीवर लिहावा लागतो, कारण जिरा तो पाळायला लावत नाही.

बोर्डाच्या सेटिंगमध्ये कामाचे दिवस आणि टाइमझोन भरा. शनिवार-रविवार, १ मे, गणेशचतुर्थी, दिवाळीचे दिवस नाही भरले तर कंट्रोल चार्ट त्यांनाही कामाचे दिवस धरतो आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ठिपके दरवर्षी उगाच वर जातात. इथे एक अडचण सुटत नाही. बोर्डाला सुट्ट्यांची एकच यादी असते. अर्धी टीम पुण्यात आणि अर्धी न्यू जर्सीत असेल तर कुणाच्या सुट्ट्या धरायच्या हे ठरवावंच लागतं.

आता वेळेची नोंद. कार्डांची सीएसव्ही (स्प्रेडशीटमध्ये उघडणारी फाइल) काढली की कार्ड बनल्याची आणि रिझॉल्व्ह झाल्याची तारीख मिळते, पण काम हातात कधी घेतलं ती मिळत नाही. त्यासाठी 'काम सुरू' नावाची तारीख-वेळेची एक कस्टम फील्ड बनवा आणि एक ऑटोमेशन नियम लिहा: कार्ड 'डेव्हलपमेंट'मध्ये आलं आणि ही फील्ड रिकामी असेल, तर त्यात आत्ताची वेळ भर. रिझॉल्व्हच्या तारखेतून ही वेळ वजा केली की कार्डाला लागलेले दिवस निघतात. 'रिकामी असेल तर' ही अट विसरू नका. कार्ड क्यूएकडून मागे आलं की नवी वेळ जुन्या वेळेवर बसते आणि तीन आठवड्यांचं कार्ड दोन दिवसांचं दिसू लागतं. फुकट प्लॅनमध्ये महिन्याला १०० ऑटोमेशन आणि स्टँडर्डमध्ये १,७०० अशी मर्यादा आहे. एका कार्डाला एकदाच नियम लागतो, त्यामुळे लहान टीमला फुकटातही भागतं. हे आकडे कंपनी बदलत असते, घेण्याआधी किमतीचं पान पाहून घ्या.

अडलेली कार्डं रोज शोधायला बोर्डावर एक क्विक फिल्टर टाका. 'चालू' गटातली, आणि गेल्या ५ दिवसांत ज्यांचं स्टेटस बदललेलं नाही अशी कार्डं. जेक्यूएल या जिराच्या शोधभाषेत त्यासाठी 'अपडेटेड' तारीख वापरतात, ती वापरू नका. कुणी "काय झालं याचं?" एवढी कमेंट टाकली तरी ती तारीख ताजी होते आणि कार्ड फिल्टरमधून निसटतं. नेमकं ज्याची सगळे चौकशी करतायत तेच.

रिझोल्यूशन नावाचा खड्डा

जिरात कार्ड 'झालं' कॉलममध्ये जाणं आणि कार्ड सुटलेलं मानलं जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी ठरते रिझोल्यूशन या फील्डवर. ती भरलेली असली की सुटलं, रिकामी असली की नाही. बर्नडाउन शेवटचा कॉलम बघतो, आणि 'क्रिएटेड व्हर्सेस रिझॉल्व्ड' हा चार्ट रिझोल्यूशन बघतो. म्हणून एकाच डॅशबोर्डवर एक चार्ट म्हणतो सगळं संपलं आणि शेजारचा म्हणतो दोनशे बाकी.

कंपनी-मॅनेज्डमध्ये 'झालं'कडे जाणाऱ्या प्रत्येक ट्रान्झिशनवर (एका स्टेटसमधून दुसऱ्यात जाण्याची वाट) रिझोल्यूशन भरणारं पोस्ट-फंक्शन, म्हणजे त्या वेळी आपोआप होणारी कृती, लावा, आणि 'झालं'मधून मागे येणाऱ्या प्रत्येक ट्रान्झिशनवर ती पुसणारं. दुसरं हमखास विसरतं. मग पुन्हा उघडलेली कार्डं जिराच्या लेखी सुटलेलीच राहतात आणि फिल्टरमध्ये येत नाहीत. रिझोल्यूशन ही फील्ड एडिट स्क्रीनवर ठेवू नका. तिथे कुणी वर्णनातली एक चूक दुरुस्त केली तरी ड्रॉपडाउनमधला पर्याय गुपचूप भरला जातो आणि चालू कार्ड बंद ठरतं. यावर उपाय म्हणून यादीत 'काही नाही' असा पर्याय स्वतः बनवणं तर सगळ्यात वाईट. तो पर्याय निवडला तरी फील्ड भरलेली आहे, म्हणजे कार्ड सुटलं! वरची 'काम सुरू' ते रिझॉल्व्ह अशी वजाबाकी याच फील्डवर उभी आहे, त्यामुळे आधी हा खड्डा बुजवा, मग वेळ मोजा.

डेटा आत काय टाकला त्यावर

संशोधकांना जिरा आवडतं, कारण अपाचेसारख्या मुक्त (ओपन सोर्स) प्रकल्पांची कार्डं कुणालाही वाचता येतात. २०२२ साली अशा १६ सार्वजनिक जिरांमधून १,८२२ प्रकल्पांची २७ लाख कार्डं एकत्र करून अभ्यासाला खुली केली गेली. पण त्यावरून अनुमान काढताना जपून. २०१३ साली जर्मनीत हर्झिग, युस्ट आणि झेलर यांनी पाच मुक्त प्रकल्पांची, त्यातले तीन जिरावरचे, सात हजारांहून जास्त कार्डं एकेक करून वाचली. 'बग' म्हणून नोंदलेल्यांपैकी ३३.८ टक्के मुळात बग नव्हतेच. कुठे नवी मागणी, कुठे कागदपत्रांतली दुरुस्ती, कुठे नुसती साफसफाई.

आपल्याकडे हे आणखी वाढतं, कारण वॉरंटीत बग फुकट आणि बदल पैशाचा. मग क्लायंट सगळंच बग म्हणून टाकतो आणि इकडून सगळंच सीआर (चेंज रिक्वेस्ट, म्हणजे पैशाचा बदल) म्हणून परत जातं. जिरा कार्डाचा प्रकार नोंदवणाऱ्याकडून घेतं आणि तोच खरा मानतं. 'नोंदवलेला प्रकार' आणि 'ठरलेला प्रकार' अशा दोन फील्ड ठेवल्या, आणि दुसरी क्यूए लीडने कार्ड बंद करताना भरायची असं ठरवलं, तर बगच्या आकड्यांना थोडाफार अर्थ येतो.

पुणे, न्यू जर्सी आणि एक प्रश्न

जिरातली सगळ्यात महाग गोष्ट म्हणजे कमेंटमधला प्रश्न. पुण्यात संध्याकाळी ७ वाजता विचारलेला प्रश्न न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळी साडेनऊला पोहोचतो. तिथे दुपारी उत्तर मिळालं तर इथे ते दुसऱ्या दिवशी वाचलं जातं. उत्तर अर्धवट असेल तर आणखी एक दिवस. हर्ब्सलेब आणि मॉकस यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या, लुसेंट या टेलिकॉम कंपनीतल्या अभ्यासात एकाच ठिकाणच्या कामाच्या तुलनेत, अनेक ठिकाणी विभागलेल्या तशाच कामाला सुमारे अडीचपट वेळ लागला. कारण म्हणून नुसतं अंतर पुढे आलं नाही. अशा कामात जास्त माणसं गुंतली जातात, आणि वेळ त्या माणसांसोबत वाढतो.

म्हणून कार्डाच्या हिस्टरी टॅबमध्ये असाइनी, म्हणजे कार्ड ज्याच्या नावावर आहे तो माणूस, किती वेळा बदलला ते मोजा. चारपेक्षा जास्त वेळा हात बदललेली कार्डं बाजूला काढली की लांब शेपटीतली बहुतेक तिथेच सापडतात. 'बाहेरच्या उत्तराची वाट' या कॉलमला स्वतंत्र मर्यादा ठेवा आणि त्यातली कार्डं दोन्हीकडची माणसं जागी असतात त्या दीड-दोन तासांतच, फोनवर, सोडवा. कमेंटमध्ये नाही.

मेल्विन कॉनवे यांनी १९६८ साली म्हटलं की संस्था जी प्रणाली बनवते तिची रचना त्या संस्थेतल्या संवादाच्या रचनेची नक्कल असते. यावर नुसती मान डोलावण्यापेक्षा २००८ चा एक अभ्यास बघण्यासारखा आहे. नागप्पन, मर्फी आणि बासिली यांनी विंडोज व्हिस्टाचे भाग घेतले आणि प्रत्येक भागावर किती जणांनी काम केलं, किती जण सोडून गेले, संस्थेच्या उतरंडीत ते कुठे विखुरलेले होते, एवढ्यावरूनच कोणता भाग बिघडेल याचं भाकीत केलं. ८६ टक्के अचूकता मिळाली, आणि कोड किती गुंतागुंतीचा आहे यावरून केलेल्या भाकितांपेक्षा हे सरस ठरलं.

जिरात संस्थेचा हा नकाशा उमटतो, पण तुकड्यांत. प्रत्येक टीमचं बोर्ड वेगळं, आणि दोन बोर्डांमधला दुवा म्हणजे 'ब्लॉक्स' आणि 'इज ब्लॉक्ड बाय' या लिंका. पण लिंक हे नुसतं लेबल आहे. अडवणारं कार्ड उघडं असतानाही अडलेलं कार्ड खुशाल 'झालं'मध्ये ओढता येतं, जिरा हूं की चूं करत नाही. दोन्ही प्रोजेक्टची लिंक असलेली उघडी कार्डं एकत्र दाखवणारा एक फिल्टर बनवून त्याचं वेगळं बोर्ड करा, आणि दोन्ही लीड आठवड्यातून एकदा फक्त तेच बघोत. अर्थात नवा स्टेटस किंवा स्क्रीन हवी असेल तर बऱ्याच कंपन्यांत ते अधिकार मध्यवर्ती टूल्स टीमकडेच असतात. म्हणजे खोळंबा दिसावा म्हणून तिकीट टाका आणि ते तिकीट मार्गी लागायची वाट बघा.

पैसे, आणि कुणी घेऊ नये

१० जणांपर्यंत फुकट, साठवण २ जीबी. ११ वा माणूस आला की फक्त त्याचे नाही, अकराही जणांचे पैसे. फुकट प्लॅनमध्ये परवानग्या ठरवता येत नाहीत, म्हणून क्लायंटच्या माणसाला त्यात आत घेऊ नका, त्याला अंतर्गत कमेंटही दिसतील. मार्केटप्लेसमधल्या जोडण्यांचे पैसे वापरणाऱ्यांवर नाही तर जिराच्या एकूण डोक्यांवर लागतात. टाइमशीटची जोडणी पाच जणांसाठी घेतली आणि जिरात दोनशे जण असतील, तर बिल दोनशेंचं.

चार-पाच जण एकाच खोलीत बसत असतील तर जिरा नको, पांढरा बोर्ड आणि चिकटवायच्या चिठ्ठ्या पुरतात. डेटा स्वतःच्या सर्व्हरवरच ठेवायचा असेल तर रेडमाइन बघा. २००६ पासून आहे, मुक्त आहे, रुबी ऑन रेल्सवर चालतं, दिसायला जुनाट पण नोंदीला पक्कं. फ्लो डायग्रॅम मात्र त्यात मुळात नाही.

आणि बॅकअप स्वतः घ्या. ५ एप्रिल २०२२ रोजी अटलासियनच्याच एका स्क्रिप्टने ७७५ ग्राहकांच्या साइट उडवल्या. काहींना परत मिळायला १४ दिवस लागले. कंपनीने कारण जाहीर केलं ते वाचण्यासारखं आहे. एक जुनं ॲप काढायचं होतं. सांगणाऱ्या टीमने ज्या क्रमांकांची यादी दिली ते ॲपचे नव्हते, अख्ख्या साइटचे होते. आणि पुसणारी यंत्रणा दोन्ही प्रकारचे क्रमांक मुकाट्याने घेत होती. दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी वेळ मोजायला सीएसव्ही काढाल, तेव्हा ती जिराबाहेर साठवा. पण तिला पुरा बॅकअप समजू नका. अटॅचमेंट तिच्यात येत नाहीत, फक्त त्यांच्या लिंका येतात, आणि साइट बंद असताना त्या उघडत नाहीत.